बाईंचा निळा पेशंट

बाईंसमोर स्प्रूसच्या झाडाला सुरू म्हणायचं नाही, हा मिरजगावात मला कळलेला पहिला कायदा, आणि तो कळला मोडल्यावरच. हायस्कुलात नोकरी लागली म्हणून ट्रंक-वळकटी घेऊन मी एस.टी.तून उतरले होते. कुणीतरी सांगितलं, रस्त्याकडेच्या नर्सबाई खोली देतात. गेले. उत्तरेच्या ओसरीवर एका मोठ्या कुंडीत कमरेएवढं, सुयांसारख्या पानांचं झाड उभं होतं, वर राख भुरभुरावी तसं निळसर. घरमालकिणीला खूश करावं म्हणून मी म्हणाले, "अय्या, किती छान आहे हो तुमचं सुरू!"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला नीट पाहून घेतलं.

"सुरू नव्हे. स्प्रूस. म्हण."

"स्प्रूस."

"आता हात धुऊन ये, मग जवळ जा."

हात धुऊन आले. खोली मिळाली.

बाई मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या नर्स होत्या. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण ते फक्त दवाखान्याला माहीत होतं, बाईंना नव्हतं. उंच, काटकुळ्या, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याशी पिनेनं उलटं टाचलेलं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "वेळ झाला नाही." दर रविवारी प्रार्थनेला जात आणि पाद्रीसाहेबांचं प्रवचन लांबलं की घड्याळ वर धरून बघत. पाद्रीसाहेबांचा जन्मही बाईंच्याच हातचा, त्यामुळे ते आवरतं घेत.

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना खोड होती. पोस्टमन असो, तलाठी असो, दूध घालणारी असो, दोन वाक्यं झाली की बाईंची तीन बोटं त्याच्या नाडीवर. "शहाण्णव. तंबाखू कमी कर." लोक त्यांच्याशी बोलायला येताना हात पाठीमागे बांधून येत. शेजारच्या शेवंतानं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मास्तरीनबाई, नर्सबाईम्होरं खोटं बोलू नगा. तोंडाचं आपल्याला सांभाळता येतं, पर हाताचं न्हाई." शेवंताची तिन्ही बाळंतपणं बाईंनी केली होती, तेव्हा ती अनुभवानं बोलत असणार. मी हसले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि कोपरगावच्या कालव्याच्या पाण्यावर वाढले होते. मला वाटायचं, लपवण्यासारखं माझ्याकडे आहेच काय?

ओसरीला बाई वॉर्ड म्हणत. बांबूचा सांगाडा, त्याला दुहेरी गोणपाट, आत विटांच्या चौथऱ्यावर कुंडी. फाल्गुन उलटला की गोणपाट दिवसातून तीनदा भिजवायचं आणि आत गारवा धरायचा. आतल्या खिळ्याला थर्मामीटर आणि त्याच्याशेजारी पुठ्ठ्यावर लावलेला तक्ता. सकाळचं तापमान, दुपारचं तापमान, पाणी किती, शेरा. शेऱ्यात बाई दवाखान्यातल्यासारखंच लिहीत. "रात्र शांत." "डाव्या अंगाला थोडी मरगळ." मला पहिल्यांदा हसू आवरेना, तेव्हा म्हणाल्या, "हसतेस काय? झाड आणि पेशंट, दोघांना विचारून उपयोग नसतो. बघावं लागतं."

थंडीत सगळं उलट. मिरजगाव घोंगड्यात शिरलं की बाई दोन गडी लावून कुंडी माळवदावर चढवत आणि संक्रांत होईपर्यंत उघड्यावर ठेवत. ह्या झाडाला वर्षातून एकदा गारठून झोपावं लागतं, त्याशिवाय त्याला कोंब फुटत नाहीत. गडी म्हणाला, "नर्सबाई, झाडाला सर्दी करायला नेताय व्हय?" बाई म्हणाल्या, "हो. तुला झाली तर काढा देईन. चल, उचल."

हे झाड मिरजगावात आलं कसं, हे बाई कुणालाही सांगत. गावाला ती गोष्ट पाठ होती, मलाही झाली. दवाखान्यात एक अमेरिकन डॉक्टरबाई होती. तिच्या हाताखाली बाई वीस-बावीस वर्षं उभ्या राहिल्या. डॉक्टरबाईच्या वडिलांची तिकडे रोपवाटिका होती, शोभेच्या स्प्रूसची. कुणी बुटका, कुणी लोंबत्या फांद्यांचा, कुणी पिवळट, असे नाना प्रकार. त्यात एकदा, हजारो रोपांमध्ये एकच, असा निळा निघाला. म्हाताऱ्यानं तो विकला नाही, त्याला नाव दिलं नाही, घरामागं लावला. डॉक्टरबाई शेवटच्या रजेवरून परत येताना त्याच्या बोटभर काड्या ओल्या शेवाळात गुंडाळून थर्मासमध्ये घालून विमानातून घेऊन आली. सोबत लोंबत्याच्या आणि बुटक्याच्याही आणल्या. हिमालयाकडच्या एका पाद्रीसाहेबानं तिकडच्या जंगलातली रोपं पाठवली होती, त्यांच्यावर कलमं बांधायची ठरली.

आणि बांधली कुठं, तर ऑपरेशनच्या टेबलावर. डॉक्टरबाईनं ब्लेडनं साल तासायची, बाईंनी काडी चिमट्यात धरायची, टाका घालायच्या दोऱ्यानं बांधायचं, वरून चिकटपट्टी. दोघींनी तोंडाला फडकी बांधली होती. "अकरा केसेस केल्या एका दुपारी," बाई सांगत, "आठ दगावल्या, तीन वाचल्या. मिरजगावच्या मानानं वाईट नाही."

मी एकदा विचारलं, "पण बाई, बी मागवून पेरलं असतं तर? एवढा खटाटोप कशाला?"

"बी पेरलं तर झाड येईल, हा रंग नाही यायचा. पोरगं बापाच्या वळणावर जाईलच असं नसतं. कलम म्हणजे पोरगं नव्हे, कलम म्हणजे तोच. त्या म्हाताऱ्याच्या घरामागं जो उभा आहे, तोच इथं उभा आहे." आणि बाईंनी झाडाच्या फांदीवरून उलटा हात फिरवला, तापाच्या पोराच्या गालावरून फिरवावा तसा.

डॉक्टरबाई म्हातारी झाली, परत गेली. जाताना ती तिन्ही झाडं बाईंच्या हवाली केली. महिन्याला तिचं पत्र यायचं आणि महिन्याला बाईंचं जायचं. ती दोन पत्रं म्हणजे बाईंचा संसार होता, असं मी म्हटलं तर बाईंना आवडलं नसतं, पण ते खरं होतं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून वाचण्या-लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. बाई मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. माझ्या उजव्या हातात पेन आणि डावं मनगट बाईंच्या बोटांत, सवयीनं.

मी आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लोंबता गेला. त्याच्या पुढच्या, म्हणजे दुष्काळ लागला त्या वर्षी, बुटका. बुटक्याच्या तक्त्यावर बाईंनी शेवटची वेळ लिहिली, सकाळचे सहा वीस, आणि तक्ता घडी करून बायबलमध्ये ठेवला. राहिला निळा.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. विहिरींच्या तळाला माणसं उतरून वाटीनं पाणी भरत होती. निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, शेवंता आणि तिचा नवराही. टँकर दिवसाआड येई. दर घरटी ठराविक घागरी, त्यावर एक थेंब नाही.

अशा गावात एक बाई झाडाला पाणी घालते म्हटल्यावर लोक बोलणारच. शेवंता तोंडावर बोलली. "मानसं तडफडत्यात अन् तुमी त्या सुरूला पाजताय. कसला ओ ह्यो देव?"

"सुरू नव्हे," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वाटणीचंच घालते, शेवंता. तुझ्या घागरीला हात लावला का मी?"

ते खरं होतं. बाई आंघोळ करत नव्हत्या, ओलं फडकं अंगावरून फिरवत. चहा सोडला. तांदूळ धुतलेलं पाणी, तोंड धुतलेलं पाणी, सगळं गोणपाटावर. प्यायचं पाणी मात्र कुणी मागितलं तर स्वतःच्या तांब्यातलं देत. फक्त ओसरीच्या कोपऱ्यातल्या रांजणाला हात लावू देत नसत. तो झाडाचा रांजण. अडचणीच्या दिवसांसाठी त्यात पेल्या-पेल्यानं पाणी साठवलेलं असे, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. मी म्हटलं, कुलूपबंद खोलीत ठेवा, दिवस वाईट आहेत. बाई म्हणाल्या, "शिंगणापूरला घरांना दारं नाहीत. चोरी होत नाही म्हणतात. मी काही शनीला मानणारी नाही, पण कधी कधी उघडं ठेवलेलंच जास्त टिकतं."

त्या फेब्रुवारीत एवढं सगळं असूनही निळ्याला नऊ कोंब फुटले. कोंबांवर तपकिरी टोपरी असतात, आतून पोपटी-निळा अंकुर वाढला की टोपरं गळून पडतं. बाईंना ते दिसत नव्हते, बोटांनी मोजले. सगळ्या मिरजगावात त्या वर्षी ताजं, लुसलुशीत असं तेवढंच होतं.

आणि मार्चमध्ये डॉक्टरबाईचं पत्र आलं. मीच वाचलं. वडिलांचं घर विकलं गेलं होतं. घेणाऱ्यानं मागे मोटार ठेवायची जागा करण्यासाठी झाड तोडलं. तिला कळेपर्यंत लाकूडही उचललं गेलं होतं. "म्हणजे आता तो फक्त तुझ्याकडे आहे," असं तिनं लिहिलं होतं. आपण आता वृद्धाश्रमात आहोत, पुन्हा हिंदुस्थानात येणं व्हायचं नाही, हेही शेवटी होतं.

बाईंनी ते 'फक्त तुझ्याकडे'चं वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. मग उठल्या आणि गोणपाटावर पाणी शिंपडायला गेल्या. त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, "पाऊस लागला की ह्याच्यावरच्या काड्या काढून नवी कलमं बांधायची. हिमालयाकडच्या पाद्रीसाहेबाला रोपांसाठी लिहायचंय. एकटा राहू द्यायचा नाही आता. माझे डोळे होऊ दे."

डोळ्यांचं ऑपरेशन नगरला एप्रिलअखेरीस ठरलं. ऑपरेशन आणि नंतर भाचीकडे राहणं, मिळून तीन आठवडे. मला सुट्टी लागत होती, पण मी घरी जाणार नाही, झाड सांभाळीन, असं कबूल केलं. मोठ्या तोऱ्यात केलं. बाईंनी जाताना सगळं तोंडपाठ म्हणवून घेतलं. सकाळी एक तांब्या मुळाशी. गोणपाट तीनदा. टँकर चुकला तरच रांजण. तक्ता रोज. एस.टी.त बसल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. "बहात्तर. छान. तू शांत मुलगी आहेस."

चार-पाच दिवस मी इतकी चोख वागले की माझं मलाच कौतुक वाटत होतं. सहाव्या दिवशी शेवंता आली. धाकट्याला ताप भरला होता. "एक तांब्या द्या. कपाळावर घड्या ठेवायच्यात. आमची घागर खडखडीत हाय."

माझ्या स्वयंपाकघरातही तळाशीच होतं. मी एक पेला दिला. तिनं रांजणाकडे पाहिलं. मी म्हणाले, "ते झाडाचं आहे, शेवंता. बाईंचं आहे. मला देता यायचं नाही." आवाजात शिस्तही आणली, वर्गात आणते तशी. शेवंता पेला घेऊन गेली. पोराचा ताप दोन दिवसांनी उतरला, म्हणून त्या गोष्टीचं मला काही वाटलं नाही.

मग अण्णांचं, माझ्या वडिलांचं, पत्र आलं. सोलापूरचं एक स्थळ होतं, मुलगा बँकेत. मंडळी शनिवारी शिंगणापूरला शनीला तेल वाहायला येणार होती. मी घरी येत नाही म्हटल्यावर अण्णांनी त्यांनाच वाटेत मिरजगावला उतरायला सांगितलं. रविवारी सकाळी मुलगा, त्याची आई आणि माझे मामा येणार.

मी आरशात पाहिलं. तीन आठवडे केस धुतलेले नव्हते. खडीच्या रस्त्याची धूळ आणि घाम यांनी वेणीचा दोर झाला होता. माझ्यात दाखवण्यासारखं काय होतं, तर केस. आईचं म्हणणंच होतं, रंग यथातथा, पण केसांवर कुणीही भुलेल. शनिवारी दुपारी मी रांजणाचं फडकं सोडलं. मनात म्हटलं, अर्धी बादली. शिकेकाईचा फेस निघायला अर्धी बादली पुरत नाही हे कुठल्याही बाईला माहीत असतं. मलाही होतं. रांजणात शेवटी वाटीनं खरवडावं एवढंच राहिलं. ते पाणी झाडाला तरी जावं, तर त्यात शिकेकाई. गटारीत गेलं.

केस वाळवत अंगणात बसले होते. शेवंता कामावरून परतली. कुंपणापाशी थांबली. ओल्या केसांकडे, मग ओसरीकडे पाहिलं.

"केस लई लांब हायेत तुमचे, मास्तरीनबाई," एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

रविवारी मंडळी आली. मुलाच्या आईनं माझी वेणी हातात घेऊन बघितली आणि मामांकडे पाहून मान डोलावली. लग्न तिथंच ठरलं. आज पन्नास वर्षं होत आली त्याला. संसार वाईट झाला असं म्हणायला जागा नाही.

सोमवारी टँकर आला नाही. बुधवारी कळलं, इंजिन बसलंय. शनिवारपर्यंत आला नाही. पाच दिवस गोणपाट कोरडं. कोरडं गोणपाट म्हणजे वॉर्ड नव्हे, भट्टी. थर्मामीटर एकशे दहावर गेलं. मी पिण्याचं निम्मं पाणी झाडाला घातलं, देवाला नवस बोलले, शाळेच्या विहिरीत वाकून पाहिलं. तक्त्यावर मात्र लिहीत गेले, सकाळ अठ्ठ्याहत्तर, दुपार अठ्ठ्याऐंशी. रात्र शांत. सहाव्या दिवशी टँकर आला, तेव्हा मी मुळाशी घागर रिकामी केली. त्या नऊ कोंबांनी माना टाकल्या होत्या, त्या वर आल्या नाहीत. बाईंनीच शिकवलं होतं, नखानं साल खरवडायची, आत हिरवं असेल तर जीव आहे. शेंड्याशी खरवडलं, तपकिरी. मध्ये खरवडलं, तपकिरी. पार बुडाशी बसून खरवडलं.

माणूस गेलं की घटकाभरात कळतं. हे झाड तसं नाही. मेल्यावरही रंग सोडायला त्याला कितीतरी दिवस लागतात. मोकळ्या अंगणातून बघणाऱ्याला तो अजून निळाच होता. मी ठरवलं, बाई उतरल्या उतरल्या सांगायचं.

बाई उतरल्या डोळ्यावर हिरवी झापड बांधून. हाताला धरून आणलं. हात धुवायला पाणी नाही म्हणून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले आणि सरळ वॉर्डात गेल्या. झाडाजवळ पाठमोऱ्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी दाराशी. तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ.

"निळा आहे ना अजून?" बाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"तक्ता वाच."

मी वाचला. अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, रात्र शांत. बाईंनी येऊन माझं मनगट धरलं होतं, पण आकडा काही बोलल्या नाहीत. दमल्या असतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. सकाळी एक तांब्या मुळाशी, गोणपाट तीनदा. बाईंनी पुन्हा आंघोळ सोडली, पुन्हा फडकं. कुंपणापलीकडे शेवंताचं पोर रिकाम्या घागरीत तोंड घालून आवाज काढत खेळायचं. आणि इकडे एक अर्धी आंधळी बाई मेलेल्या झाडाला पाणी घालत होती आणि मी तिला तांब्या भरून देत होते. रोज वाटे, उद्या. उद्या नक्की. पण जी गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली नाही, ती दहाव्या दिवशी दहापट जड होते. मग मी वेड्यासारखी एका गोष्टीवर भरवसा ठेवला. स्प्रूस मेला की सुया झडतात, बुटक्याच्या वेळी कुंडीभोवती सडा पडला होता. इथं तर रोज सकाळी बघावं तो चौथरा स्वच्छ. फांद्या विरळ वाटत होत्या, पण खाली सुई नाही. म्हटलं, कुणी सांगावं, आत कुठं धुगधुगी असेल. मास्तरीण असून मी असा विचार करत होते.

त्या दिवसांत डॉक्टरबाईला दोन पत्रं गेली. "निळा बरा आहे, लिही," बाई सांगत, आणि मी लिहीत असे. मग वाचून दाखवी. बोटं मनगटावर.

जुलै लागला. पाऊस झाला होता, थोडका का होईना. रस्त्याच्या कडेला गवत पोपटी झालं होतं आणि ओसरीवरचं झाड आता कुणालाही दिसावं असं उघडं पडलं होतं. बाईंना जाड भिंगांचा चष्मा आला होता. त्यानं जवळचं वाचता येत नसे, पण माणसं ओळखता येत. तेव्हा डॉक्टरबाईचं पत्र आलं. अक्षर फार कापत होतं. तिला एकच हवं होतं. निळ्याचा एक फोटो. उशाशी ठेवायला.

मी वाचून संपवलं. बाई खाटेवर बसल्या होत्या. उठल्या, कपाटातून औषधाची एक मोठी बाटली काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. बाटली गळ्यापर्यंत सुयांनी भरली होती. खालच्या अजून निळसर, वरच्या वाळक्या गवतासारख्या.

"रोज पाचला उठून गोळा करत होते," बाई म्हणाल्या. "तुझ्या आधी."

मी बाटली उजेडात धरली.

"नगरहून आले त्याच दिवशी कळलं मला. हात लावला आणि मूठभर सुया हातात आल्या. वासही गेला होता. चाळीस वर्षं मेलेल्यांना हात लावलाय मी, मास्तरीण."

"मग पाणी का घालत होता?" मी ओरडलेच. ओरडायचा अधिकार होता माझा जणू.

"तू सांगशील म्हणून." बाईंचा आवाज अगदी वॉर्डातल्यासारखा होता. "म्हटलं, एवढं पाणी वाया जाताना बघून तरी सांगेल. तिकडे शेवंताचं पोर कोरडं आणि मी इकडे ओततेय. माझंही पाप आहे त्यात, तुझ्या एकटीचं नाही. पण तू तांब्या भरून देतच राहिलीस. दोन्ही पत्रांना तुझी नाडी शंभराच्या वर होती. तरी नाही."

"शेवंतानं सांगितलं तुम्हाला?"

"तिचं नाव घेऊ नकोस. तिनं काहीच सांगितलं नाही. काय झालं ते मला अजून माहीत नाही."

मग त्यांनी माझ्यासमोर निळा परदेशी कागद ठेवला, पेन ठेवलं, शेजारी बसल्या आणि माझं डावं मनगट हातात घेतलं.

"लिही. प्रिय डॉक्टर. निळा गेला. मी ऑपरेशनला गेले होते तेव्हा गेला." थांबल्या. "कसा गेला ते तू लिही. ते तुलाच माहीत आहे. मी सांगणार नाही."

मी पेन उचललं. बाहेरून ट्रक जात होते सोलापूरकडे. सोलापूरला माझं लग्न ठरलं होतं, मुहूर्त निघाला होता. वृद्धाश्रमातल्या त्या म्हातारीला मी काय लिहिणार होते? की तुझ्या बापाच्या हातचं शेवटचं झाड मी केस धुण्यात घालवलं? ते वाक्य इंग्रजीत मला येत होतं. व्याकरणही चुकलं नसतं. मी चार शब्द लिहिले आणि पेन ठेवलं.

"वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचलं, "दुष्काळामुळे गेला."

बाईंनी कागद ओढून घेतला. भिंगांतून त्यांना अक्षरं दिसत नव्हती, तरी त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग खाली, मी बोटानं जागा दाखवली तिथं, वाकडीतिकडी सही केली.

"दुष्काळ सगळ्यांच्याच कामाला आला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझं मनगट सोडलं. मी आणखी चार महिने त्या घरात होते, लग्न होऊन निघेपर्यंत. त्यांनी ते पुन्हा कधी धरलं नाही.